जुन्या पायगाडीला नवा चिमटा

(आकाशवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांस हसूं आलें असेल. इतिहासावर बोलावयाचें म्हणजे गडकिल्ले, तह आणि लढाया ह्यांवर बोलावयाचें, अशी आपली सर्वसाधारण समजूत. आणि मीं तर विषय निवडला आहे सायकलीच्या पुढच्या चाकाला धरणाऱ्या चिमट्याचा! परंतु ज्या वस्तूंवर आपलीं मुलें रोज बसतात, ज्यांच्यावर आपण त्यांचीं हाडें विश्वासानें सोंपवितों, त्या वस्तूंनाही इतिहास असतो. आणि तो ठाऊक नसला म्हणजे कधीं कधीं त्याची किंमत घरांतल्याच माणसाला मोजावी लागते. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक, सारी नोकरी प्राथमिक शाळेंत मास्तरकी करण्यांत घालविलेला मनुष्य. यंत्रशास्त्राशीं माझा संबंध नाहीं. ह्या विषयाकडे मी ओढला गेलों तो घरांत घडलेल्या एका अपघातामुळें. ती हकीकत पुढें ओघानें येईल. आधीं आमच्या गांवाविषयीं दोन शब्द सांगतों, कारण ह्या गोष्टीचें मूळ गांवच्या रस्त्यांतच आहे.

मी इगतपुरीचा. सह्याद्रीच्या माथ्यावर, थळ घाट जेथें संपतो तेथें, समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर हें गांव वसलें आहे. पावसाळ्यांत येथें पाऊस असा कोसळतो कीं मुरूम, खडी आणि डांबर ह्यांपैकीं कांहींच फार दिवस जाग्यावर राहत नाहीं. गांवाला गांवपण आणलें तें आगगाडीनें. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा घाटांतील मार्ग १८६५ सालीं सुरू झाला. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत सुमारें सव्वानऊ मैलांत हा मार्ग ९७० फुटांच्या आसपास चढतो, आणि त्याचा अधिकांत अधिक चढ ३७ फुटांस १ फूट असा आहे. रेल्वेचे मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली ह्यांनीं भोर आणि थळ ह्या दोन्ही घाटांच्या मोजणीचें काम चालविलें. पण १८६२ सालीं ते वारले आणि घाट पुरा झालेला त्यांना पाहावयास मिळाला नाहीं. ह्या मार्गावर एके ठिकाणीं डोंगरानें वळण घेण्यापुरतीही जागा दिली नाहीं. तेव्हां तेथें एक उलटें स्थानक बांधावें लागलें. गाडी त्यांत शिरावयाची, इंजिन एका टोकाचें सोडून दुसऱ्या टोकास जोडावयाचें, आणि गाडीनें उलट्या तोंडानें पुढचा मार्ग धरावयाचा. विसाव्या शतकांत नवी वाट काढून ही अडचण दूर करण्यांत आली. परंतु मूळच्या लोकांनीं डोंगर आपल्या इच्छेप्रमाणें नसून जसा आहे तसा मोजला, आणि मगच त्यावर लोखंड आंथरलें, ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

माझे वडील रेल्वेंत होते. रात्रीअपरात्रीं कामावर जावयाचें तें काळ्या रंगाच्या उंच सायकलीवरून. तिचीं चाकें २८ इंची, चिमटा पुढच्या बाजूस लांब बाक दिलेला, आणि चामड्याच्या सीटखालीं जाड स्प्रिंगा. खाचखळग्यांचा हिसका सोसण्यासाठीं त्या गाडीवर काय तें एवढेंच. बाकी सारें वडिलांच्या डोळ्यांवर आणि मनगटांवर अवलंबून असे. मी सायकल शिकत होतों तेव्हां ते म्हणत, "अरे, गाडीला दमवूं नकोस, खड्डा चुकव." त्या वेळीं मला तें वडीलधाऱ्यांचें नेहमींचें सांगणें वाटे. आज वाटतें, सायकलीच्या दोनशें वर्षांच्या इतिहासाचें सार त्यांत होतें. कारण हा इतिहास एका अर्थीं हिसक्याशीं चाललेल्या झगड्याचाच इतिहास आहे.

१८१७ सालीं जर्मनींतील मानहाइम येथें कार्ल फॉन ड्राइस ह्या गृहस्थांनीं दोन चाकें एकामागें एक लावलेली लांकडी गाडी तयार केली. तिला पायडल नव्हतें. पायांनीं जमीन मागें रेटीत जावयाचें. पुढें १८६० नंतरच्या दशकांत पॅरिसमध्यें मिशो ह्यांच्या कारखान्यांतून पुढच्या चाकाला पायडल लावलेल्या गाड्या बाहेर पडूं लागल्या. चाकांना लोखंडी धांव आणि रस्ते फरसबंद, ह्यामुळें बसणाराची अशी गत होई कीं इंग्रज लोकांनीं त्या गाडीचें नांवच हाडें खिळखिळीं करणारी असें ठेवलें. सीट एका लांब लोखंडी पट्टीवर बसविलेली असे. ती वांके आणि थोडा हिसका सोशी. म्हणजे स्प्रिंगेचा विचार सायकलीइतकाच जुना आहे. तो कालपरवांचा शोध नव्हे.

त्यानंतर पुढचें चाक पुरुषभर उंचीचें आणि मागचें अगदीं लहान, अशी ती चित्रांत दिसणारी गाडी आली. मोठें चाक लहान खड्ड्यांत शिरत नाहीं, त्याच्या कडांवरून निघून जातें. म्हणून ती गाडी बरीच सुखाची होती. पण पडला तर मनुष्य तोंडघशीं पडे, आणि तोही उंचावरून. १८८५ सालीं कॉव्हेन्ट्री येथें जॉन केम्प स्टार्ली ह्यांनीं जवळजवळ सारख्या आकाराचीं दोन चाकें आणि मागच्या चाकाला चेन, अशी 'रोव्हर' नांवाची सायकल आणली. आज आपण जिला सायकल म्हणतों तिचा सांचा येथें ठरला. पडण्याचें भय कमी झालें, परंतु चाकें लहान झाल्यानें गेलेला हिसका परत आला. एका सुखाचें मोल दुसऱ्या सुखानें द्यावें लागलें. असे प्रसंग आपणांस पुढेंही दिसतील.

ह्या वेळीं मदतीस आली ती हवा. बेलफास्टमधील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप ह्यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकी गाडीला हवेनें फुगविलेली रबरी नळी बसविली आणि १८८८ सालीं तिचें पेटंट घेतलें. रॉबर्ट विल्यम थॉमसन नांवाच्या गृहस्थांनीं १८४५ सालींच अशी कल्पना नोंदवून ठेवली होती, हें पुढें उघडकीस आलें. पण तेव्हां सायकल जन्मावयाची होती. १८८९ सालीं विली ह्यूम ह्यांनीं ह्या जाड, फुगीर टायरांवर बसून बेलफास्टमधील शर्यती जिंकल्या, आणि हसणारांचीं तोंडें बंद झालीं. स्प्रिंगेचे चिमटे आणि स्प्रिंगेचे सांगाडे ह्यांचे प्रयोग त्या काळीं बरेच झाले होते. परंतु हवेच्या टायरनें तें काम इतक्या स्वस्तांत आणि इतक्या हलक्या वजनांत केलें कीं त्या प्रयोगांची गरजच फारशी उरली नाहीं. हवा हीच उत्तम स्प्रिंग ठरली. पुढें सुमारें शंभर वर्षें बहुतेक साऱ्या जगाची सायकल सरळ, न हलणाऱ्या लोखंडी चिमट्यावर चालली.

ती किती चालली ह्याचा एक दाखला आपल्याच मुंबईचा आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून कांहीं पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजीं प्रदक्षिणा पुरी करून परतले. चवेचाळीस हजार मैल, म्हणजे सुमारें ७१,००० किलोमीटर! तो पल्ला त्यांनीं ज्या सायकलींवर गांठला, त्यांना आजच्यासारखे शॉकअप नव्हते. स्वातंत्र्यानंतर आपल्या देशांत सायकलींचे मोठे कारखाने उभे राहिले, मद्रासची टी. आय., सोनीपतची ॲटलस, आसनसोलची सेन-रॅले, लुधियानाची हीरो. त्यांनीं ज्या लाखों काळ्या सायकली खेड्यापाड्यांत पोंचविल्या, त्याही त्याच घडणीच्या. दूधवाला, पोस्टमन आणि मास्तर ह्या सर्वांचा संसार त्या चिमट्यावर चालला.

मग ही स्थिति बदलली कोठें? बदलली ती अमेरिकेंत, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस असलेल्या मरीन परगण्याच्या डोंगरांत. आणि बदलणारे कोणी शास्त्रज्ञ नव्हते, तर जुन्या सायकलींचा नाद असलेले कांहीं तरुण होते. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. १९३० ते १९५० च्या दरम्यान बनलेल्या, जाड टायरांच्या जड सायकली ते भंगारांतून उचलीत आणि डोंगराच्या कच्च्या वाटांवरून खालीं सोडीत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांनीं पहिली रीतसर शर्यत भरविली. ती वाट सुमारें दोन मैलांत १,३०० फूट उतरते. म्हणजे आठ-साडेआठ फुटांस एक फूट. आमच्या घाटांतील आगगाडीचा ३७ फुटांस १ फूट हा उतार तिच्यापुढें सपाट मैदानच म्हणावयाचा! त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यांत असे. उतार संपेपर्यंत तो इतका तापे कीं आंतील ग्रीस जळून त्याचा धूर होई आणि प्रत्येक फेरीनंतर तें पुन्हां भरावें लागे. ह्या पुन्हां भरण्यावरूनच त्या वाटेला 'रीपॅक' हें नांव पडलें.

ह्या तरुणांनीं जुन्या सांगाड्यांवर एकेक नवी वस्तु चढविली. कोणी चांगले ब्रेक बसविले, कोणी मोटारसायकलीच्या मुठी लावल्या, कोणी अनेक गिअर लावले. सुधारणा वाढल्या तशी गति वाढली, आणि गति वाढली तसे जुने सांगाडे मोडूं लागले. तेव्हां १९७७ सालीं जो ब्रीझ ह्यांनीं ह्याच कामासाठीं मुद्दाम नवा सांगाडा घडविण्यास आरंभ केला. १९७९ मध्यें गॅरी फिशर आणि चार्ली केली ह्यांनीं टॉम रिची ह्यांच्या हातचे सांगाडे घेऊन धंदा उभा केला. आणि १९८१ मध्यें 'स्टम्पजंपर' नांवाची सायकल मोठ्या प्रमाणावर बाजारांत आली. डोंगरी सायकल, म्हणजे आपण जिला माउंटन बाइक म्हणतों ती, अशी जुन्या सायकलीच्या सुधारणेंतून जन्मली. पण ती जन्मली तेव्हां तिचाही चिमटा सरळ, कडकच होता. तिची सारी भिस्त जाड टायरांवर.

स्प्रिंगेचा चिमटा आला तो मोटारसायकलीच्या घरून. आंत तेल भरलेल्या आणि एकींत एक सरकणाऱ्या नळ्यांचा चिमटा बी. एम. डब्ल्यू. कारखान्यानें १९३५ सालींच मोटारसायकलीस बसविला होता. मोटारसायकलींच्या शर्यतींत मुरलेले पॉल टर्नर ह्यांनीं तीच कल्पना सायकलीला पेलेल अशी हलकी केली, आणि १९८९ मध्यें त्यांच्या 'रॉकशॉक्स' कंपनीचा पहिला चिमटा विक्रीस आला. त्याची दबण्याची मर्यादा दोन इंचांच्या आसपास होती. १९९० सालीं कोलोराडोमधील डुरँगो येथें डोंगरी सायकलींची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. तींतील उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्ड ह्यांनीं हा चिमटा लावलेल्या सायकलीवरून जिंकली. त्यानंतर थोड्याच वर्षांत शर्यतींतील सायकलींवर कडक चिमटा हुडकावा लागूं लागला. आणि शर्यतींत जें चालतें तें पुढें दुकानांत येतेंच.

येथें एक भेद समजून घेतला पाहिजे, कारण आपल्याकडील खरेदींत नेमकें तेथेंच फसावयास होतें. चिमट्याच्या पोटांत दोन कामें चालतात. एक काम स्प्रिंगेचें. ती दबते आणि हिसका पोटांत घेते. परंतु स्प्रिंगेनें जें घेतलें तें ती परत देतेच. झोपाळ्याला एक हेलकावा दिला कीं तो कितीतरी वेळ झुलत राहतो, तसें. नुसती स्प्रिंग असेल तर चाक खड्ड्यांतून निघतांच सायकल घोड्यासारखी उसळते. म्हणून दुसरें काम तेलाचें. दट्ट्या तेलांतून सरकतो तेव्हां तेलाला बारीक छिद्रांतून जावें लागतें. होळीच्या पिचकारीचें तोंड जितकें बारीक तितका दट्ट्या जड जातो, हें आपण सर्वांनीं अनुभविलें आहे. ती जडता उसळीची मस्ती जिरविते. चांगल्या चिमट्यांत स्प्रिंग किंवा कोंडलेली हवा, आणि तिच्या जोडीला तेल, अशीं दोन्ही असतात. अगदीं स्वस्त चिमट्यांत बहुधा स्प्रिंग तेवढी असते. बाहेरून दोन्ही सारखेच चकाकतात. शिवाय साधा कडक चिमटा किलोच्या आसपास भरतो, तर स्वस्त स्प्रिंगेचा चिमटा त्याच्या दुप्पट आणि अधिकही. चढ चढतांना हें वजन कोणाला ओढावें लागतें, हें सांगावयास नको.

आतां माझी हकीकत सांगतों. १९९८ सालीं मीं माझ्या मुलासाठीं एक डोंगरी सायकल घेतली होती. चाकें २६ इंची, चिमटा कडक. मुलगा मोठा झाला, नोकरीला लागला, आणि सायकल पडवींत टांगली गेली. अलीकडे आमच्या जिल्ह्यांत सायकलीचें वेड पुन्हां वाढलें आहे. नाशिकचे डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन ह्या बंधूंनीं २०१५ मध्यें अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत दोघांच्या संघानें पुरी केली, तेव्हांपासून तर शाळकरी मुलांच्या तोंडीं सायकलीचीच भाषा असते. माझा नातू पंधरा वर्षांचा. एके दिवशीं त्यानें ती सायकल खालीं उतरविली, पुसली, आणि मला म्हणाला, "आजोबा, गाडी मस्त आहे, फक्त पुढें शॉकअप टाकलें कीं भावली धरणाकडच्या कच्च्या वाटेनें मी सहज जाईन."

मला त्याचा उत्साह आवडला. नवी सायकल घेण्यापेक्षां जुनीच नीट करण्याची त्याची बुद्धि तर अधिकच आवडली. मीं पैसे दिले, आणि आम्ही दोघे शहरांतील एका दुकानांत गेलों. दुकानदारानें सर्वांत मोठा, चकचकीत चिमटा दाखविला. चिमट्यापासून वर एक उभा दांडा निघतो आणि तो सांगाड्याच्या पुढच्या आखूड नळींतून वर हँडलापर्यंत जातो. त्याला आपण चिमट्याची मान म्हणूं. ही मान आमच्या नळीला थोडी आखूड पडत होती. दुकानदार म्हणाला, "बसतें कीं, काका." आणि त्यानें बसविली. वरचा नट धरण्यापुरते अवघे दोन-तीन आटे उरले होते. हें मीं डोळ्यांनीं पाहिलें. आयुष्यभर मुलांना फूटपट्टी कशी धरावी हें शिकविणाऱ्या मास्तरानें त्या दिवशीं खिशांतून फूटपट्टी काढली नाहीं.

आठ-दहा दिवस सारें ठीक चाललें. मुलगा सांगे, चढावर पुढचें चाक इकडेतिकडे भटकतें. मीं म्हटलें, संवय होईल. मग एका रविवारीं सकाळीं भावलीच्या वाटेवरील एका दगडाळ उतारावर हिसक्यांनीं तो वरचा नट सैल झाला. मानेचे छर्रे मोकळे पडले, ब्रेक दाबतांच हँडल थरथरूं लागलें, आणि पोर खालीं फेंकलें गेलें. हांसळीचें हाड मोडलें. डोक्यावर शिरस्त्राण होतें म्हणून तेवढ्यावर निभावलें. घरीं त्याच्या आईनें मला एक शब्दही विचारला नाहीं. विचारलें असतें तर बरें वाटलें असतें.

दुकानदाराचें नांव घेण्यांत मला अर्थ वाटत नाहीं. माप घेऊन जाणें हें माझें काम होतें. नातू गळ्यांत झोळी अडकवून घरीं बसला होता तेव्हां मी ती सायकल हातांनीं ढकलीत गांवांतल्या जुन्या मिस्त्रीकडे नेली. त्यानें ती एकवार उभी धरून पाहिली आणि म्हणाला, "गुरुजी, गाडीनं मान वर केलीय बघा. हा चिमटा हिच्या मापाचाच नाही." मग त्यानें टेप काढली. जें मीं आधीं करावयास हवें होतें, तें त्यानें अर्ध्या तासांत करून दाखविलें. त्या दिवशीं मला चार मापें कळलीं, तीं आपणांपुढें ठेवतों.

पहिलें माप मानेच्या जाडीचें. जुन्या सायकलींची मान बहुधा एक इंच व्यासाची असते. पुढें सुमारें साडेअठ्ठावीस मिलिमीटरांची, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाची चाल पडली. आणि आजच्या पुष्कळ नव्या चिमट्यांची मान खालीं जाड आणि वर निमुळती असते. जाड मान जुन्या नळींत शिरणार नाहीं, आणि ठोकून शिरविणें म्हणजे सांगाड्याचा घात.

दुसरें माप मानेच्या लांबीचें. जुन्या मानेला वर आटे असतात आणि नटानें ती आंवळली जाते; १९९० नंतर आट्यांशिवायची, बाहेरून हँडलाच्या पकडीनें आंवळण्याची रीत आली. दोन्ही रीति चांगल्या, पण एकीचें सामान दुसरीला चालत नाहीं. आणि आट्यांची मान असेल तर वरच्या नटाला पुरे आटे मिळालेच पाहिजेत. आमचा घात येथें झाला.

तिसरें माप उंचीचें. म्हणजे चाकाच्या आंसापासून चिमट्याच्या खांद्यापर्यंतचें अंतर. आमच्या जुन्या चिमट्याचें तें ३९५ मिलिमीटर भरलें, आणि दुकानांतून आणलेल्याचें ४६५. पुढची बाजू ७० मिलिमीटर वर उचलली गेली होती! सायकल पुढून दर २० मिलिमीटर उचलली कीं मानेचा कोन सुमारें एका अंशानें मागें कलतो. म्हणजे आमची मान जवळजवळ साडेतीन अंश कलली होती. चढावर चाक भटकत होतें तें ह्यामुळें. मुलाची संवय कमी पडत नव्हती. शिवाय लांब चिमटा हा लांब तरफेसारखा असतो. सांगाड्याच्या ज्या सांध्यावर कारखानदारानें अमुक इतका भार धरला होता, त्यावर तो अधिक भार टाकतो.

चौथें माप चाकाचें आणि ब्रेकांचें. जुन्या सायकलीचे ब्रेक रिमला धरतात आणि त्यांसाठीं चिमट्यावर दोन खुंट्या लागतात. आजचे बहुतेक चांगले चिमटे तबकडीच्या ब्रेकांसाठीं आणि मोठ्या चाकांसाठीं घडविलेले असतात. त्यांवर त्या खुंट्या नसतात. तसा चिमटा घेतला तर चाक बदला, ब्रेक बदला, आणि शेवटीं हिशेब करतां नवी सायकल स्वस्त पडली असती, असें म्हणण्याची पाळी येते.

मिस्त्रीनें सांगितलें, "दोन वाटा आहेत, गुरुजी. जुनाच चिमटा परत घालायचा, टायर जरा रुंद टाकायचं आणि हवा थोडी कमी ठेवायची. नाहीतर हिच्याच काळातला आखूड चिमटा शोधायचा." पहिली वाट आम्ही लगेच धरली, आणि खरें सांगतों, डनलॉपसाहेबांची हवा अजून किती काम करते हें पाहून मी थक्क झालों. अर्धा हिसका तेथेंच गेला. दुसरी वाट दोन महिन्यांनीं सांपडली. एका मोडीत निघालेल्या सायकलीचा, एक इंची मानेचा, तेल भरलेला आखूड चिमटा मिस्त्रीनें मिळविला. उंची ४३० मिलिमीटर. आणि नातू वर बसला कीं स्प्रिंग पंधरा मिलिमीटर दबते. म्हणजे खरा फरक वीस मिलिमीटरांचा, एका अंशाचा. मान लांब होती. ती मापानें कापली आणि वरच्या नटाला पुरे आटे दिले. छर्रे नवे घातले, तेल बदललें, ब्रेकांचे रबर बदलले. मौज अशी कीं जुन्या गाडीला शेवटीं जो 'नवा' चिमटा शोभला, तो स्वतःच पंचवीस वर्षांचा होता.

श्रोतेहो, सुधारणेविरुद्ध बोलण्यासाठीं मीं ही कथा सांगितली, असें कृपा करून समजूं नये. माझ्या वडिलांच्या पिढीनें हिसके सोसले म्हणून नातवानेंही ते सोसावेत, हा न्याय नव्हे. मरीनच्या तरुणांनीं जुन्या सायकलींना हातच लावला नसता तर डोंगरी सायकल जन्मली नसती. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं जुन्या वस्तूंत नवा भाग घालतांना आपण केवळ एक भाग बदलीत नसतों. त्या भागाचे बाकी साऱ्या भागांशीं असलेले संबंध बदलीत असतों. मोठें चाक गेलें तेव्हां हिसका परत आला. ब्रेक सुधारले तेव्हां सांगाडे मोडले. चिमटा लांबला तेव्हां मान कलली. प्रत्येक वेळीं ज्यांनीं मोजलें ते तरले, आणि ज्यांनीं डोळ्यांनीं पसंत केलें त्यांनीं किंमत दिली. बर्कलीसाहेबांच्या लोकांनीं डोंगर वळत नाहीं असें पाहिलें तेव्हां गाडी उलटी फिरविण्याचा कमीपणा पत्करला. पण डोंगराचें माप खोटें धरलें नाहीं.

म्हणून आपल्या घरीं एखादी जुनी डोंगरी सायकल असेल आणि मुलें तिला शॉकअप लावा म्हणून हट्ट धरून बसलीं असतील, तर त्यांना नाहीं म्हणूं नका. त्यांच्या हातीं टेप द्या. मानेची जाडी, मानेची लांबी, आंसापासून खांद्यापर्यंतची उंची, आणि चाक व ब्रेक, हीं चार मापें त्यांच्याकडून वहींत लिहवून घ्या आणि ती वही घेऊन मगच दुकानांत जा. माप जुळत नसेल तर रुंद टायर घाला. तेंही जुळत नसेल तर जुनी सायकल सपाट रस्त्यासाठीं ठेवा. त्यांत तिचा अपमान नाहीं.

माझ्या नातवाचें हाड नीट सांधलें. तो आतां पुन्हां भावलीच्या वाटेनें जातो. निघण्यापूर्वीं पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेंपुढें हलवितो आणि मानेंत सैलपणा आहे कीं काय तें पाहतो. मिस्त्रीनें त्याला तशी संवय लाविली आहे. मी पडवींत बसून तें बघतों. तो पायडल मारून निघाला कीं माझ्या तोंडून शब्द बाहेर पडतात ते माझ्या वडिलांचेच. "अरे, गाडीला दमवूं नकोस, खड्डा चुकव." तो मागें न पाहतां हात वर करतो, आणि वळणाआड जातो.